एमडी पॅथॉलॉजी पहिलं वर्ष: सेक्शन कापायला शिकायचं कुठं आणि कुणाकडून?

जेआर१_शिवाजीपेठ

नमस्कार. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढलेली. एमडी पॅथॉलॉजीचं पहिलं वर्ष, आठवा महिना चालू आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

३ आठवड्यांपूर्वी जिभेच्या कडेच्या कॅन्सरचं एक स्पेसिमन (ऑपरेशनमध्ये काढलेला भाग) माझ्याकडं ग्रॉसिंगला, म्हणजे बघून, मापून तुकडे करायला, आलं. पेशंट शाहूवाडीकडचा, तंबाखू खाणारा. मी मापं घेतली, वर्णन लिहिलं, तुकडे कापून कॅसेटमध्ये (जाळीच्या छोट्या डबीत) घातले. ट्यूमर जिथं सगळ्यात खोल गेलाय असं दिसत होतं तो तुकडा बरोबर घेतला होता. पण शाई लावली नाही, आणि त्याची कुठली बाजू खाली बसवायची याची खूणही केली नाही. एम्बेडिंगला (मेणाच्या साच्यात बसवून ब्लॉक करताना) तो तुकडा आडवा पडला. स्लाइड आली तर वरचं एपिथेलियम (पृष्ठभागाचा पेशींचा थर) कुठंच नाही. नुसते ट्यूमरचे पुंजके आणि मधे मधे स्नायू.

सर म्हणाले, "आता डेप्थ ऑफ इनव्हेजन कुठून मोजायची, सांग." कॅन्सर किती खोल शिरलाय ते शेजारच्या चांगल्या म्युकोसाची (आतल्या अस्तराची) बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे एपिथेलियमखालचा पातळ पडदा, जिथं असते, त्या पातळीपासून सरळ खाली मोजायचं, हे मला पाठ होतं. पण स्लाइडवर ती पातळीच नव्हती. ५ मिलिमीटरच्या आत, की ५ ते १०, की त्याच्याही पुढं, यावरही त्या माणसाची टी स्टेज (गाठ किती वाढलीय याचा टप्पा) ठरते. ब्लॉक वितळवून तुकडा परत उभा बसवला, तोवर ट्रिमिंगमध्ये (ब्लॉकचं तोंड तासताना) बराच भाग गेलेला. शेवटी रिपोर्टमध्ये "किमान इतकी खोली" असं लिहावं लागलं. त्या माणसाच्या बायकोनं ती बरणी दोन्ही हातांत धरून आणून दिली होती. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून ठरवलंय की बरणीपासून स्लाइडपर्यंतचं प्रत्येक काम स्वतःच्या हातानं यायला पाहिजे. अडचण अशी की आमच्याकडं रोटरी मायक्रोटोम (ब्लॉकचे पातळ सेक्शन, म्हणजे काप, कापायचं चाकाचं मशीन) एक, कापणारे सीनियर टेक्निशियन एक, आणि रोजचे ६०-७० ब्लॉक. मी विचारलं की म्हणतात, "मॅडम, तुम्ही स्लाइड बघा, हे आमचं काम आहे." त्यांचा राग नाही मला. ब्लॉक खराब झाला तर बोलणी त्यांनाच बसणार. दोनदा बसू दिलं. पहिल्यांदा रिबनच (सेक्शनची सलग पट्टी) झाली नाही, सेक्शन गोळा होऊन पडले. दुसऱ्यांदा झाली, पण स्लाइडवर खिडकीच्या पट्ट्यांसारख्या आडव्या रेघा. त्या कशामुळं आल्या ते मला सांगता आलं नाही.

लॉगबुकात हिस्टोटेक्निकच्या (टिश्यूपासून स्लाइड बनवण्याच्या) रकान्यावर सही होऊन जाईल, पण मला ती खरी करायची आहे. सराव कशावर करू? सुरुवात कुठून करू? आणि एका पॅथॉलॉजिस्टला हातानं किती यायला पाहिजे?

थिसिस_सबमिट

मी तिसऱ्या वर्षाला आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. परीक्षेत स्लाइड ओळखायच्या असतात, हिस्टोटेक्निकला थोडे मार्क. पहिल्या वर्षी थिसिसचा सिनॉप्सिस, सायटोलॉजीची ओपीडी, ब्लड बँकेच्या नाइट, यातच माणूस पिळून निघतो. मायक्रोटोम शिकायला टेक्निशियनला २ वर्षं लागतात, तुम्ही ते यात कसं बसवणार? ग्रॉसिंग मात्र पक्कं करा. तुमच्या केसमध्ये चूक ग्रॉसिंगचीच होती, मायक्रोटोमची नाही.

निवृत्त_हिस्टो_टेक

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन होतो, २०२१ ला रिटायर झालो, आता कळंब्याला असतो. ड्युटीवर असतो तर मॅडम म्हटलं असतं. पण माझी धाकटी लेक तुमच्याच वयाची, म्हणून ताई.

वरचे डॉक्टर म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. तुम्हाला दिवसाला ६० ब्लॉक कापायचे नाहीत. पण ज्यानं कधी स्वतः ब्लॉक कापला नाही, त्याला स्लाइडवरची रेघ ही रोगाची की कामातली, हे ओळखायला लई वर्षं लागतात. मी असे डॉक्टर बघितलेत आणि तसे नसलेलेही बघितलेत. जे कापायला बसले होते, ते रीकट (ब्लॉक परत कापून) मागताना चिठ्ठीवर नेमकं लिहायचे: "ब्लॉक फिरवून घ्या", "अजून खोल जाऊ नका, तुकडा संपेल". बाकीचे नुसतं "रीकट" लिहायचे, आणि आम्ही अंदाजानं कापत बसायचो.

आता तुमचे टेक्निशियन हात का लावू देत नाहीत ते सांगतो. सकाळी प्रोसेसरमधून (टिश्यूतलं पाणी काढून मेण भरणाऱ्या मशीनमधून) टोपली बाहेर आली की दुपारी स्लाइड टेबलावर गेल्या पाहिजेत. मधे शिकाऊ माणूस बसला की तास जातो. म्हणून मायक्रोटोम मागू नका. त्यांच्या आधी, ७ ला जावा आणि एम्बेडिंगला बसतो म्हणा. ते काम कुणालाच एकट्यानं नको असतं, माणूस मिळाला तर हवाच असतो. कॅसेटी उघडायच्या, चिमटा गरम करायचा, साच्यात थोडं मेण सोडायचं, तुकडा जी बाजू कापायची ती खाली करून हलकं दाबायचं, मग तो थंड पट्टीवर जरा धरायचा म्हणजे जागेवर बसतो, आणि मग वरून मेण भरायचं. तुमचा जिभेचा तुकडा याच टेबलावर आडवा पडला. महिनाभर इथं बसलात की ग्रॉसिंग करतानाच तुमच्या डोळ्यांपुढं साचा दिसायला लागेल. मी लागलो तेव्हा पितळेच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या जोडून साचा करायचो. आमच्या त्या पट्ट्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं करून दिलेल्या होत्या, अजून घरी आहेत.

सरावाला काय घ्यायचं विचारलंत. रविवारी घरी मटण आणायला कुणी जातंच. त्याला सांगा, एक गुर्दा, एक जीभ आणि काळजाचा (लिव्हरचा) तुकडा वेगळा बांधून आण. आणल्या आणल्या फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू न सडता टिकवणाऱ्या द्रावणात) टाका, फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नको. ३-४ मिलिमीटरच्या चकत्या करून टाका. अख्खा गुर्दा बरणीत टाकला तर वरून कडक होतो आणि आत गुलाबी कच्चाच राहतो. फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान १० पट, जमलं तर २० पट. चोवीस तास ठेवा.

पहिल्यांदा गुर्दा कापा. कापायला सगळीकडं एकसारखा लागतो, रिबन लवकर सुटते, हाताला धीर येतो. मग काळीज. त्यात रक्त असतं, ते ठिसूळ होतं, ब्लॉक पाण्यात आणि बर्फावर ठेवायची सवय तेच लावतं. जीभ शेवटी. एकाच तुकड्यात स्नायू, वर जाड एपिथेलियम, त्यावर काटे. ती उभी बसवलीत तर स्लाइडवर काटे, एपिथेलियम, खाली स्नायू असं सरळ दिसेल, आणि जरा तिरपी पडली तरी लगेच कळेल. तुमची चूक ज्या अवयवात झाली, तोच अवयव घेऊन ती घालवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. सरावाचे ब्लॉक वेगळ्या रंगाच्या कॅसेटमध्ये, पेन्सिलनं मोठ्ठं "सराव" लिहून, आणि पेशंटच्या टोपलीत कधीच नाही. आमच्याकडं एकदा एका बाईच्या गर्भाशयाच्या बायोप्सीच्या स्लाइडवर कडेला कॅन्सरच्या पेशींचा एक कण दिसला. मॅडमनी बारीक बघितलं, तर तो कण बाकीच्या टिश्यूच्या फोकसमध्येच येत नव्हता, वरच्या थरात तरंगत होता. आधीच्या ब्लॉकचा कण वॉटर बाथमध्ये (सेक्शन पसरायच्या कोमट पाण्यात) राहिलेला आणि पुढच्या सेक्शनला चिकटलेला. ती स्लाइड मी उचलली होती. मॅडमनी ब्लॉक परत कापायला लावला, काही नव्हतं. त्या बाईचं गर्भाशय काढायची तयारी चालली असती. त्या दिवसापासून प्रत्येक ब्लॉक झाला की टिश्यू पेपर पाण्यावरून फिरवल्याशिवाय मी पुढचा ब्लॉक लावला नाही, रिटायर होईपर्यंत.

आता तुमच्या पट्ट्यांच्या रेघा. आडव्या, सारख्या अंतरावर रेघा येतात तेव्हा काहीतरी थरथरतंय. ब्लेडचा खटका नीट आवळलेला नाही, किंवा ब्लॉक क्लॅम्पमध्ये सैल आहे, हे दोन आधी बघा. दोन्ही घट्ट असतील तर ब्लेडचा कोन जास्त उभा झालाय, किंवा टिश्यू अल्कोहोलमध्ये जास्त राहून दगड झालाय. उभी रेघ, वरून खालपर्यंत एकच, असेल तर ब्लेडला दात पडलाय, नाहीतर टिश्यूत टाका किंवा चुना आहे. ब्लेड जरा सरकवून बघा. रेघ सेक्शनवर दुसरीकडं गेली तर ब्लेडचा दोष, तिथंच राहिली तर ब्लॉकमधे काहीतरी कडक आहे. एक सेक्शन जाड, एक पातळ असं येत असेल तर मेण गरम झालंय किंवा काहीतरी सैल आहे. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडं हे रोजचं होतं. रिबन वाकडी जाते तेव्हा ब्लॉकच्या वरच्या आणि खालच्या कडा समांतर नाहीत, त्या तासून घ्या. आणि तुकड्याच्या मधोमध भोक पडून बाकीचा कापला जातो, तेव्हा मशीनला हात लावू नका. तो तुकडा बरणीतच कच्चा राहिलेला आहे, त्याला मायक्रोटोमवर औषध नाही.

कापताना घाई नको. आधी १०-१५ मायक्रॉनवर ट्रिम करून पूर्ण तोंड उघडायचं, मग बर्फावर ठेवायचं, मग ३-४ मायक्रॉन. बर्फावरून उचललेल्या ब्लॉकचे पहिले दोन सेक्शन सोडून द्या. चाक एका लयीत, जात्यासारखं. वॉटर बाथ मेणाच्या वितळण्याच्या खाली १०-१२ अंश. ५८ चं मेण असेल तर ४६-४८. रिबन पाण्यावर टाकताना लांबचं टोक आधी टेकवायचं आणि हलकं ओढत यायचं, सुरकुत्या आपोआप जातात. आणि चाकाचं लॉक लावल्याशिवाय ब्लॉक काढायला किंवा लावायला हात पुढं न्यायचा नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर ६ टाक्यांची खूण आहे, तुमच्या अंगठ्यावर ती नको.

मी लागलो तेव्हा फेकायची ब्लेडं नव्हती. स्टीलचा जाडजूड चाकू, तो दगडावर तेल टाकून घासायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. तो पट्टा चप्पल लाईनीतल्या एका कारागिरानं खास कमावून दिला होता, म्हशीच्या कातड्याचा, आरशासारखा गुळगुळीत. एका चाकूला तास जायचा, पण धार कशी असते ते डोळ्यांना आणि कानाला कळायचं. चांगल्या धारेचा सेक्शन सुटताना कागद सरकल्यासारखा बारीक आवाज येतो. बोथट झाली की आवाज बदलतो. तो ऐकायला शिका, फेकायच्या ब्लेडलाही तो येतो.

आणखी एक पावसाळ्याचं. आपल्याकडं जून लागला की हवेतनं पाणी गळतं. अॅब्सोल्यूट अल्कोहोल ते पाणी ओढतं. बरणी वरून चांगली दिसते, पण टिश्यूतलं पाणी निघत नाही, मग मेण आत जात नाही आणि ब्लॉक मऊ येतो. शेवटच्या अल्कोहोलच्या बरणीत तळाला पाणी काढलेलं मोरचूद ठेवायचं, वर फिल्टर पेपर. ते पांढरं असतं, पाणी आलं की निळं होतं. निळं दिसलं की अल्कोहोल बदला, कुणाला विचारत बसू नका. अल्कोहोलनंतरचं झायलिन (मेण विरघळवणारं द्रव) दुधासारखं झालं तर तिथंही पाणी आलंय.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेवरचे उपसा पंप पाण्याखाली गेले आणि गावभर पूर असून नळाला पाणी नव्हतं, आठवत असेल. हिमॅटॉक्सिलिन (स्लाइडचा रंग) लावलं की न्यूक्लिअस (पेशींची केंद्रकं) आधी तांबूस जांभळे असतात, नळाच्या पाण्यात निळे होतात, कारण आपलं नळाचं पाणी जरा अल्कलाइन. तेव्हा आमच्याकडं डिस्टिल्ड वॉटरचे ५ कॅन शिल्लक होते. त्यात स्लाइड धुतल्या तर निळेपणा येईना. एका ज्युनियर रेसिडेंटनं, मुलगीच ती, पाण्यात अमोनियाचे थेंब टाकले आणि स्लाइड बुडवली. डोळ्यांदेखत निळी झाली. तिनं स्टेनिंगला माझ्याशेजारी बसून महिना काढला होता, म्हणून तिला सुचलं. पुस्तक तर सगळ्यांनी वाचलेलं होतं.

राजारामपुरी_पॅथ

मी खाजगी लॅब चालवते, एमडी होऊन १४ वर्षं झाली. काकांनी मशीनचं सगळं सांगितलं आहे, त्यामुळं मी ग्रॉसिंगच्या टेबलाबद्दल आणि तुझ्या तब्येतीबद्दल लिहिते.

थिसिस_सबमिट, तुम्ही म्हणालात चूक ग्रॉसिंगची होती. ग्रॉसिंग आणि एम्बेडिंग ही एकच कृती आहे, फक्त दोन माणसांनी दोन दिवशी केलेली. पहिल्यानं दुसऱ्याला निरोप ठेवावा लागतो. तो निरोप म्हणजे शाई. मी तोंडाच्या स्पेसिमनला खोल कडेला काळी आणि बाजूच्या कडांना निळी लावते, व्हिनेगर फिरवून ती घट्ट बसवते, कागदानं टिपते. शाई ओली असताना कापलं तर ती सुरीबरोबर आत ओढली जाते आणि मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलाय, असं वाटतं. आपल्या भागात मिश्री, तंबाखू, माव्यानं झालेले तोंडाचे कॅन्सर रोज येतात, म्हणून हे पहिल्या वर्षातच हातात बसायला हवं.

ब्रेस्टचं स्पेसिमन आलं की आधी घड्याळ बघ. शरीरातून काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये जाईपर्यंत १ तासाच्या आत, आणि फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास. ईआर, पीआर आणि हर२ या, कुठलं औषध चालेल ते ठरवणाऱ्या तपासण्या यावर अवलंबून आहेत. शनिवारी दुपारी आलेली मॅस्टेक्टमी (काढलेलं अख्खं स्तन) नुसती बादलीत बुडवून सोमवारपर्यंत ठेवली, तर चरबी फॉर्मॅलिनला आत येऊच देत नाही. आलं की लगेच ५ मिलिमीटरवर काप घे, मधे गॉज घाल, मग ठेव. घरी जायला उशीर होईल, होऊ दे. ईआर खोटं निगेटिव्ह आलं तर त्या बाईला ५ वर्षांची गोळी मिळणारच नाही. माझ्या रेसिडेन्सीत असं एक स्पेसिमन मी सोमवारी उघडलं होतं. मधला भाग हिरवट आणि मऊ झाला होता, आणि वासावरूनच कळलं की उशीर झाला.

कॅन्सरसाठी काढलेल्या कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) चरबीत किमान १२ लिम्फ नोड (लसिका गाठी) शोधायचे असतात. डोळ्यांनी शोधू नकोस, बोटांनी शोध. चरबी अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश चुरडत जा. जोंधळ्याच्या दाण्याएवढं काहीतरी निसटतं, ते सोडू नकोस, बारीक नोडमध्येच बऱ्याचदा मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) असतं. सापडत नसतील तर चरबी रात्रभर अल्कोहोलमध्ये ठेव, सकाळी नोड पांढरे उठून दिसतात.

परीक्षेत हमखास विचारतात म्हणून एक सांगते. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे १० टक्के फॉर्मॅल्डिहाइड नाही. बाजारातलं द्रावण ३७ ते ४० टक्क्यांचं असतं, ते १ भाग आणि पाणी ९ भाग, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ४ टक्के. लिटरमागं सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घालून बफर करायचं. बफर नसेल तर ते आम्ल होतं आणि रक्ताळ टिश्यूत, प्लीहेत विशेषकरून, काळपट तपकिरी दाणे दिसतात. ते मलेरियाचं पिगमेंट समजून कुणी फसू नये. एकदा तरी स्वतः वजन करून एक लिटर बनव.

फॉर्मॅलिन टिश्यू टिकवतं हे फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ साली लिहिलं. जंतुनाशक म्हणून ते वापरताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी ताठ झाली, तिथून त्यांना सुचलं. तुझी बोटं तशी होऊ देऊ नकोस. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मॅल्डिहाइड पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे. दोन जोड ग्लव्हज, चष्मा, पंखा नव्हे तर बाहेर हवा खेचणारं टेबल. नसेल तर एचओडींना (विभागप्रमुखांना) लेखी दे, शांतपणे, तारखेसह. मी रेसिडेंट असताना डोळे चुरचुरत असूनही गप्प बसले. तू बसू नकोस.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (एमडीतल्या जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलातल्या सक्तीच्या कामाचे) ३ महिने येतील तेव्हा छोट्या हॉस्पिटलात गेलीस की कुणी नसेल, बायोप्सी योग्य बरणीत, योग्य फॉर्मॅलिनमध्ये घालायला शिकवणारी तूच असशील. अख्खा गर्भाशय चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत कोंबून पाठवतात, आत गेलेला कडक होऊन बाहेर येत नाही. तिथल्या सिस्टरना रुंद तोंडाच्या बरण्या दाखवून ये. तुझ्या सगळ्या सरावाइतकंच ते कामाचं आहे.

जेआर१_शिवाजीपेठ

६ आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. काका, मॅडम, तुम्ही लिहिलेलं प्रिंट काढून मी लॉकरच्या आत चिकटवलं आहे.

सकाळी ७ ला जायला लागले. पहिले ४ दिवस टेक्निशियन काका काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच्या डब्यातली भाकरी-पिठलं पुढं केलं आणि म्हणाले, "बसा, आज तुम्ही साचे भरा." पहिल्याच आठवड्यात कळलं की मी कॅसेटमध्ये तुकडे किती कोंबून भरत होते. झाकण लावल्यावर चौकटीची जाळी टिश्यूवर उमटलेली असायची. आता काकाच मला ओरडून दाखवतात, आणि मी तुकडे पातळ घेते.

बाबांनी गुर्दा आणि जीभ आणली. गुर्द्याची रिबन दुसऱ्या रविवारी झाली, ६ सेक्शनची, न तुटता. पाण्यावर ती सरळ झाली तेव्हा टेक्निशियन काकांनी काहीच न बोलता लाइट जवळ ओढून दिला. जीभ तीनदा तिरपी पडली. चौथ्यांदा काटे, एपिथेलियम, स्नायू, सगळं एका रांगेत. ती स्लाइड मी ठेवून घेतली आहे.

गेल्या मंगळवारी गालाच्या आतल्या बाजूचं स्पेसिमन आलं. काळी आणि निळी शाई, व्हिनेगर, टिपकागद. खोल तुकड्याच्या कॅसेटवर "उभा, शाई डावीकडं" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी एम्बेडिंगला स्वतः बसले. स्लाइडवर दोन्ही बाजूंना चांगला म्युकोसा आला. सरांनी स्केल लावली, ७ मिलिमीटर. त्यांनी ते लिहिलं आणि पुढची स्लाइड उचलली.

आता एक अडलंय. जिभेचा सेक्शन कापला जातो, पण चाक वर जाताना तोच सेक्शन ब्लॉकला चिकटून वर जातो, रिबन तुटते. ब्लेड नवं लावलं तरी तसंच. कोन बदलून बघू का?

निवृत्त_हिस्टो_टेक

शाब्बास, ताई. कोनाला लगेच हात लावू नका. ब्लेडच्या मागच्या बाजूला मेणाचा पातळ थर बसला असेल, डोळ्यांना दिसत नाही. ब्लेड काढून होल्डरचा मागचा भाग आणि दाबपट्टी झायलिन लावलेल्या फडक्यानं पुसा. मग ब्लॉक परत ५ मिनिटं बर्फावर, कारण गरम ब्लॉकही असंच करतो. तरीही वर जात असेल तर कोन अगदी एक-एक अंशानं वाढवा, आणि प्रत्येक वेळी २ सेक्शन घेऊन बघा. ब्लेडवरचा कचरा ब्रशनं काढताना ब्रश खालून वर, धारेच्या दिशेनं बाहेर न्यायचा, वरून खाली कधीच नाही. हे सगळं करण्याआधी चाकाचं लॉक.